आंतरराष्ट्रीय संघटनांमधील नोकरी : पुण्याच्या अनुभवाचा आढावा

विषयाची मर्यादा

सरकारांनी आपसात करार करून उभारलेली आणि सदस्य राष्ट्रांच्या मालकीची संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटना. संयुक्त राष्ट्रे, जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना, युनेस्को, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी या साऱ्या संस्था या वर्गात येतात. हिंजवडी-खराडीतल्या बहुराष्ट्रीय कंपन्या त्यात येत नाहीत. कंपनीत मालकी भागधारकांची असते आणि कामाचे मोजमाप शेवटी नफ्यातोट्यात होते. आंतरराष्ट्रीय संघटनेचे मालक एकाच वेळी जवळजवळ दोनशे सरकारे असतात. त्यांच्यात आपसात भांडणे असतात, आणि एखादा रोग आटोक्यात आला किंवा एखादी आकडेवारी विश्वासार्ह झाली तर त्याचे श्रेय कोणाच्या खात्यावर जमा करायचे हे ठरलेले नसते. या नोकरीतले समाधान आणि वैताग हे दोन्ही बव्हंशी या रचनेतून निघतात.

पुण्यात अशी नोकरी धरावी का, हा प्रश्न अनेक घरांत आणि अनेक संस्थांत चर्चिला जातो. वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले डॉक्टर, अर्थशास्त्र व संख्याशास्त्राचे पदवीधर, लष्करातून मुदतपूर्व निवृत्ती घेतलेले अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांत दहा-पंधरा वर्षे काढलेले कार्यकर्ते अशा चार वाटांनी इथली माणसे या नोकऱ्यांकडे वळतात. या नोकरीने माणसाला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले, याबद्दलची मते मात्र एकसारखी नाहीत.

पार्श्वभूमी

या जगाशी पुण्याचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. १९०५ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. त्याचे सदस्य नारायण मल्हार जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित होते. कामगारांचा प्रतिनिधी त्यांच्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनेशी विचारविनिमय करून निवडावा, अशी या परिषदेची अट होती आणि भारतात तेव्हा अखिल भारतीय संघटनाच नव्हती. १९२० मध्ये ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण होते. आंतरराष्ट्रीय परिषदेच्या एका नियमाने भारतातल्या चळवळीला आकार दिला, याचे हे फार लवकरचे उदाहरण आहे.

जोशी प्रतिनिधी होते, नोकर नव्हते. हा भेद पुढच्या सगळ्या चर्चेत महत्त्वाचा आहे. प्रतिनिधी आपल्या देशाची किंवा गटाची बाजू मांडतो. कर्मचाऱ्याने मात्र कोणत्याही देशाची बाजू घ्यायची नसते. १९४४ च्या जुलैमध्ये ब्रेटन वुड्स येथे नाणेनिधी आणि जागतिक बँकेची पायाभरणी झाली, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. त्यांची भूमिकाही प्रतिनिधीचीच होती.

कोणत्याच सरकारचा नसलेला कर्मचारी ही कल्पना संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाच्या काळात रुजली. पहिले महासचिव एरिक ड्रमंड यांनी देशोदेशीच्या सरकारांनी पाठवलेले अधिकारी गोळा करण्याऐवजी संघटनेचा स्वतःचा सेवकवर्ग उभारला. १९२१ मध्ये नोब्लमेर समितीने वेतनाचे तत्त्व घातले : सर्वाधिक पगार देणाऱ्या देशाच्या सरकारी नोकरालाही इथे यावेसे वाटेल एवढे वेतन असावे. ते तत्त्व आजही चालू आहे आणि तुलनेसाठी अमेरिकी संघराज्य सरकारची नागरी सेवा धरली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या १०० व्या कलमाने कर्मचाऱ्याला कोणत्याही सरकारकडून सूचना मागण्याची आणि स्वीकारण्याची मनाई केली. १०१ व्या कलमाने कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी हे भरतीचे निकष ठरवले आणि भरती शक्य तितक्या व्यापक भौगोलिक पायावर व्हावी असे सांगितले. गुणवत्ता आणि देशवार वाटा ही दोन तत्त्वे एकाच कलमात आली. त्यांच्यातली ओढाताण अजून संपलेली नाही.

नोकरीची घडण

बाहेरून एकसंध दिसणारी ही नोकरी आतून तीन-चार वेगवेगळ्या नोकऱ्यांची बनलेली आहे. आंतरराष्ट्रीय व्यावसायिक श्रेणी पी-१ पासून पी-५ पर्यंत जाते आणि तिच्यावर संचालकांच्या डी-१ व डी-२ या श्रेणी असतात. या कर्मचाऱ्यांना मूळ वेतनावर त्या त्या शहराच्या महागाईप्रमाणे भत्ता, मुलांच्या शिक्षणाचे अनुदान आणि ठरावीक काळाने मायदेशी जाण्याचा प्रवासखर्च मिळतो. निवृत्तिवेतन निधीत कर्मचारी ७.९ टक्के आणि संस्था १५.८ टक्के भरते. पाच वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क पक्का होतो. निवृत्तीचे वय ६५ आहे.

दुसरा वर्ग राष्ट्रीय अधिकाऱ्यांचा. हे आपल्याच देशात काम करतात आणि त्यांचे वेतन स्थानिक बाजाराच्या प्रमाणात ठरते. मुंबईतल्या किंवा दिल्लीतल्या कार्यालयात शेजारशेजारच्या टेबलांवर एकच काम करणाऱ्या दोघांपैकी एक आंतरराष्ट्रीय श्रेणीत आणि दुसरा राष्ट्रीय श्रेणीत असला, तर दोघांच्या मिळकतीत आणि निर्णयाधिकारात मोठे अंतर पडते. लिपिक व सहायकांची सर्वसाधारण श्रेणी तिसरी. चौथा आणि वेगाने वाढलेला वर्ग कर्मचारी म्हणून गणलाच जात नाही : अल्पमुदतीचे सल्लागार, कंत्राटदार आणि स्वयंसेवक. पुण्यात ‘यूएनमध्ये आहे’ असे सांगणारा तरुण पुष्कळदा या चौथ्या वर्गातला असतो. सहा-सहा महिन्यांच्या करारावर असल्यामुळे निवृत्तिवेतन त्याच्या वाट्याला येत नाही.

म्हणून या नोकरीच्या बऱ्यावाईटाबद्दलचे कोणतेही विधान तपासताना बोलणारा कोणत्या वर्गात होता हे आधी पाहावे लागते. या विषयावरच्या बऱ्याच लेखनात ही दक्षता घेतलेली नसते.

समाधान : सुखात्मे यांचे उदाहरण

या नोकरीतून काय साधता येते याचा पुण्याशी जोडलेला सर्वांत भरीव दाखला पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले. १९३६ मध्ये त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९४० पासून भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी शेतीच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पद्धतीने काढण्याचे काम केले. यदृच्छ निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या भागाचा उतारा काढायचा ही ती रीत. महाराष्ट्रात महसूल व कृषी खात्यांचे कर्मचारी आजही तिला पीक कापणी प्रयोग म्हणतात आणि पीक विम्याच्या भरपाईत तिचा आधार घेतला जातो.

१९५१ मध्ये अन्न व कृषी संघटनेचे मुख्यालय वॉशिंग्टनहून रोमला हलले आणि त्याच वर्षी सुखात्मे तिथे संख्याशास्त्राचे काम पाहायला गेले. पुढची सुमारे वीस वर्षे ते संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगात नेमके किती लोक उपाशी आहेत, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा अंदाजावर चालत होते. संघटनेचे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांच्या मते मानवजातीचा दोन-तृतीयांश भाग भूक किंवा कुपोषण सोसत होता. सुखात्मे यांनी देशोदेशींचे अन्न ताळेबंद आणि कुटुंब पाहण्या एकत्र करून हा अंदाज संख्याशास्त्राच्या कसाला लावला. १९६१ मध्ये त्यांनी हे काम लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे मांडले आणि १९६३ मध्ये सोसायटीने त्यांना ‘गाय’ (Guy) रौप्यपदक दिले. त्याच वर्षीच्या तिसऱ्या जागतिक अन्न पाहणीत जगातले १० ते १५ टक्के लोक पुरेसे अन्न न मिळणारे आणि निम्म्यापर्यंत लोक भूक, कुपोषण किंवा दोन्हींनी ग्रस्त असल्याचे नोंदवले गेले. पोटभर न मिळणे आणि योग्य ते न मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात, हा विचार धोरणांत स्थिरावण्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

एवढ्या देशांची आकडेवारी एका टेबलावर येणे, ती मागण्याचा अधिकार असणे आणि आलेल्या उत्तराला जगभर किंमत असणे हे एखाद्या राष्ट्रीय संस्थेत किंवा विद्यापीठात बसून साधले नसते. या नोकरीचे समर्थन करणारे ज्याला कामाचा पल्ला म्हणतात तो हाच. सार्वजनिक आरोग्यातही त्याचे दाखले आहेत. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारत सरकारच्या पथकांनी घरोघरी शोध घेऊन देवीचा रोग संपवला. भारतातला अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पात संघटनेने नेमलेले डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांत लुळेपणाच्या प्रत्येक बालरुग्णाचा माग काढत होते. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. तालुक्याच्या गावी धुळीत हिंडलेल्या या डॉक्टरांची नावे कुठल्याही इमारतीवर कोरलेली नाहीत, पण या नोकरीच्या बाजूने बोलायला त्यांच्या कामाइतका मोठा पुरावा दुसरा नाही.

सुखात्मे यांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. रोमला जाताना त्यांच्याकडे स्वतःचे शास्त्र होते, दहा-अकरा वर्षांचा शेतावरचा अनुभव होता आणि भारतात तयार झालेली पद्धत होती. संघटनेने त्यांना घडवले नाही. घडून गेलेल्या माणसाला तिने काम दिले. पदवी हातात पडताच या नोकरीत शिरणाऱ्याची स्थिती वेगळी असते, आणि अनुभव घेऊन मग जावे असा सल्ला वडीलधारी मंडळी देतात त्याला येथे भक्कम आधार मिळतो.

वैताग आणि निराशा

तक्रारींत पहिली विलंबाची. शांतिसेनांच्या कामाचे साहाय्यक महासचिव राहिलेले अँथनी बॅनबरी यांनी २०१६ मध्ये पद सोडताना जाहीर लेख लिहिला आणि एक माणूस नेमायला सरासरी २१३ दिवस लागतात असे सांगितले. साथ किंवा युद्ध अंगावर आलेले असताना ही गती किती घातक ठरते, हे ते इबोलाविरोधी मोहिमेचे प्रमुखपद सांभाळल्यानंतर सांगत होते. एकेका टिपणावर पाच-सहा सह्या, प्रत्येक शब्दावर वेगवेगळ्या विभागांची सहमती आणि शेवटी कुणालाच न दुखावणारे गुळमुळीत वाक्य, ही तक्रार बहुतेक सगळ्या संघटनांतून ऐकू येते. तिचे मूळ मालकीच्या रचनेत आहे. इतक्या सरकारांचा एकमेकांवर विश्वास नसतो, म्हणून प्रत्येकाने आपापला अडसर नियमात घालून ठेवलेला असतो.

दुसरी तक्रार पारपत्राची. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या काही पदांसाठी प्रत्येक देशाचा अपेक्षित वाटा एका सूत्राने काढला जातो. त्यात वर्गणीला ५५ टक्के, सदस्यत्वाला ४० टक्के आणि लोकसंख्येला ५ टक्के वजन आहे. भारतासारख्या देशाला या सूत्रात लोकसंख्येचा लाभ जवळजवळ मिळत नाही. ३२ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीची भरती परीक्षा तर वाटा कमी भरलेल्या देशांच्या नागरिकांनाच खुली असते, त्यामुळे आपला देश त्या वर्षीच्या यादीत नसेल तर गुणवत्ता कितीही असो, अर्जच करता येत नाही. वरच्या पदांवर हा भेद उघड होतो. जागतिक बँकेचे अध्यक्षपद अमेरिकेच्या उमेदवाराकडे आणि नाणेनिधीचे प्रमुखपद युरोपीय व्यक्तीकडे जाते, असा पायंडा स्थापनेपासून आहे. २०२३ मध्ये बँकेचे अध्यक्ष झालेले अजय बंगा यांचा जन्म १९५९ मध्ये पुण्याजवळच्या खडकी छावणीत झाला. पुण्याला त्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. त्यांचे नाव मात्र अमेरिकेने सुचवले होते आणि ते अमेरिकी नागरिक म्हणून त्या पदावर गेले.

तिसरी निराशा राजकारणाची. १९४४ मध्ये पुण्यात जन्मलेले पत्रकार दिलीप पाडगावकर १९७८ ते १९८६ या काळात युनेस्कोत होते, आधी बँकॉकला आणि मग पॅरिसला. तो काळ युनेस्कोच्या इतिहासातला सर्वांत वादळी म्हणता येईल. बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडेच वाहतो, तो बदलावा अशी मागणी जोर धरत होती. याच प्रश्नावर युनेस्कोने नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाचा अहवाल १९८० मध्ये आला. या साऱ्या प्रयत्नात पाश्चात्त्य देशांना वृत्तपत्रस्वातंत्र्यावरचे आक्रमण दिसले, तर तिसऱ्या जगातल्या अनेक देशांना आपल्या आवाजाची मागणी दिसली. संघटनेच्या खर्चाचा सुमारे चौथा हिस्सा देणारी अमेरिका १९८४ अखेर बाहेर पडली आणि पुढच्या वर्षी ब्रिटनही गेला. आतल्या कर्मचाऱ्याचे काम कितीही चोख असले तरी एखाद्या राजधानीतल्या निर्णयाने त्याच्या विभागाचा पैसा रातोरात आटू शकतो. अमेरिका २००३ मध्ये परतली, २०१८ अखेर पुन्हा गेली, २०२३ मध्ये पुन्हा आली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली.

चौथी तक्रार न्यायाची आहे. १९४६ चा विशेषाधिकारांविषयीचा करार आणि भारतातला १९४७ चा कायदा यांमुळे या संघटनांना देशातल्या न्यायालयांपासून संरक्षण आहे. अन्याय झाला असे वाटणारा कर्मचारी शिवाजीनगरच्या न्यायालयात किंवा कामगार आयुक्तांकडे जाऊ शकत नाही. त्याच्यासाठी संघटनांची स्वतःची न्यायाधिकरणे आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये वाद न्यायाधिकरण आणि अपील न्यायाधिकरण अशी दोन पायऱ्यांची रचना केली. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि युनेस्को यांच्या कर्मचाऱ्यांचे वाद आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणाकडे जातात. सल्लागार आणि कंत्राटदारांना ही दारे सहसा बंद असतात. त्यांना लवादाकडे जावे लागते, आणि सहा महिन्यांच्या करारावरचा माणूस त्या खर्चात पडायला धजत नाही.

कुटुंबाचा भार याहून वेगळा आहे आणि मराठी घरांत त्याचीच चर्चा अधिक होते. दर काही वर्षांनी बदली, जोडीदाराला नव्या देशात काम करण्याची परवानगी मिळेल की नाही याची अनिश्चिती आणि मुलांच्या शाळांची मोडतोड हा एक भाग. दुसरा भाग पुण्यातल्या आईवडिलांचा. कोथरूड-सहकारनगरच्या घरांत एकटे राहणारे वृद्ध आणि रोम, जिनिव्हा किंवा नैरोबीतली मुले हे दृश्य आयटीतल्या स्थलांतरितांच्या घरांसारखेच आहे, पण अडचणीच्या ठिकाणी नेमणूक असली तर तिथे कुटुंबाला नेण्याचीच परवानगी नसते. अशा वेळी एकाच माणसाचे घर तीन ठिकाणी विभागले जाते.

जिवाचा धोकाही आहे. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावरील स्फोटात २२ जण मृत्युमुखी पडले. मे २०२४ मध्ये गाझापट्टीतल्या रफाह येथे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झालेले, भारतीय लष्करातून निवृत्त झालेले एक कर्नल मोटारीवरील हल्ल्यात मारले गेले. त्यांचे कुटुंब पुण्यात राहत होते आणि अंत्यसंस्कारही पुण्यातच झाले. त्या दिवसापासून या शहरात या नोकरीची चर्चा पगार आणि प्रतिष्ठेपुरती राहिलेली नाही.

मतप्रवाह

या अनुभवांचा अर्थ लावणारे तीन मुख्य प्रवाह दिसतात.

पहिला प्रवाह आंतरराष्ट्रीय सेवेला स्वतंत्र व्रत मानतो. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी मे १९६१ मध्ये ऑक्सफर्डला दिलेले व्याख्यान हा त्याचा आधारग्रंथ समजला जातो. तटस्थ माणूस असूच शकत नाही, असा सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचा आक्षेप होता. माणसाला मते असतात हे हॅमरशोल्ड यांनी मान्य केले, पण ती बाजूला ठेवून सनदेशी एकनिष्ठ राहणे शक्य आहे आणि तीच सचोटी आहे, असे त्यांचे उत्तर होते. या भूमिकेत विलंब आणि नियम ही निःपक्षपातीपणाची किंमत ठरते. तिच्यावरचा जुना आक्षेप असा की किंमत देण्याची वेळ आली तेव्हा संघटनेने स्वतःच माघार घेतली. १९५२-५३ मध्ये अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी लाटेच्या दडपणाखाली सचिवालयातल्या अनेक अमेरिकी कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले होते.

दुसरा प्रवाह अभ्यासकांचा. मायकल बार्नेट आणि मार्था फिनेमोर यांनी २००४ च्या ग्रंथात मांडले की या संघटना सदस्य राष्ट्रांच्या हातातली नुसती साधने नाहीत. त्यांना नोकरशाही म्हणून स्वतःचे वजन असते, आणि ज्या नियमांमुळे ते येते तेच नियम पुढे हेतूवर मात करतात. कर्मचारी आळशी किंवा भ्रष्ट आहे असे ते म्हणत नाहीत. नियमाप्रमाणे वागणारा चांगला माणूसही वाईट परिणामाला कारण होऊ शकतो, हा त्यांचा मुद्दा आहे. जमिनीवर काम केलेल्यांना हा विचार पटतो, कारण त्यात त्यांच्या चिडीला कारण सापडते आणि दोष व्यक्तीवर येत नाही. उपाय कोणता, हे मात्र त्यातून सहज निघत नाही.

तिसरा प्रवाह भारतीय, आणि पुण्यात तो विशेष बोलका आहे. देशाच्या खर्चाने शिकलेले डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ बाहेर गेल्याने इथल्या संस्था पोकळ होतात असे एक मत आहे. या मताला पुण्यातच एक पर्यायही दाखवता येतो. १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभारले, तेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या तापाचा विषाणू १९५७ मध्ये या केंद्राने ओळखला. जागतिक दर्जाचे काम करायला परदेशी नोकरी धरावीच लागते असे नाही, हे यातून दिसते. याच्या उलट मत असे की बाहेर जाऊन परतलेला माणूस देशाला अधिक उपयोगी पडतो.

परतलेल्यांचा हिशेब

परतीच्या बाजूने पुण्याकडे बरीच उदाहरणे आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर विजय केळकर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेत (अंक्टाड) संचालक होते. परत येऊन ते केंद्रीय अर्थसचिव झाले, १९९९ मध्ये नाणेनिधीवर भारत, बांगलादेश, श्रीलंका व भूतान या गटाचे कार्यकारी संचालक म्हणून गेले आणि नंतर तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष झाले. कर्मचारी आणि प्रतिनिधी या दोन्ही खुर्च्यांवर बसलेल्या मोजक्या मराठी माणसांपैकी ते एक आहेत. रिझर्व्ह बँकेतले नरेंद्र जाधव नाणेनिधीत सल्लागार राहून परतले आणि २००६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पाडगावकर युनेस्कोहून पुन्हा पत्रकारितेत आले आणि १९८८ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक झाले. या तिघांनाही परत यायला जागा होती : सरकार, रिझर्व्ह बँक आणि वृत्तपत्र. सरकारी सेवेतून प्रतिनियुक्तीवर जाणाऱ्याची मूळ जागा काही काळ राखली जाते. थेट खुल्या भरतीतून गेलेल्याला ती सोय नाही. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेत व्यावसायिक कर्मचाऱ्याला साधारणपणे सात वर्षांनी मायदेशी परत पाठवण्याची रीत आहे. ताजे ज्ञान येत राहावे हा तिचा हेतू. परतीची वाट नसलेल्याला मात्र ती नोकरी संपल्यासारखीच वाटते.

परतलेल्याचे ज्ञान देशात विनातक्रार स्वीकारले जाते असेही नाही. सुखात्मे निवृत्तीनंतर पुण्याला आले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. जगापुढे प्रथिनांचे संकट आहे असे १९६८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात म्हटले होते. सुखात्मे यांचे म्हणणे असे की गरिबाच्या ताटात अन्नच कमी आहे आणि पुरेसे अन्न मिळाले तर प्रथिनांची गरज बहुतेक ठिकाणी भागते. पुढच्या काही वर्षांत जागतिक मतही त्या दिशेला वळले. त्यानंतर त्यांनी अधिक धाडसी विधान केले. माणसाची उष्मांकाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते, म्हणून सरासरी गरजेखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी मोजता येणार नाही. यामुळे भारतातल्या उपासमारीचे आकडे बरेच खाली येत होते. पुण्याच्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये माणशी दररोज २,२५० उष्मांक धरून दारिद्र्याची पाहणी मांडली होती. १९८१-८२ मध्ये दांडेकर आणि सुखात्मे यांचा वाद ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त रंगला. दांडेकरांनी संख्याशास्त्राच्या आणि धोरणाच्या दोन्ही बाजूंनी आक्षेप घेतले. दोघेही एकाच शहरात राहत होते, एकमेकांच्या विद्वत्तेचा आदर करत होते आणि हटत नव्हते. उपासमार मोजण्याची उष्मांकाची रेषा नेमकी कुठे असावी, हा प्रश्न पोषणशास्त्रात अजून मिटलेला नाही. जगाची आकडेवारी पाहिलेला माणूस आणि खेड्यांची पाहणी केलेला माणूस समोरासमोर आल्यामुळे या वादाला जे मोल आले, ते यांपैकी कुणी एक पुण्यात नसता तर आले नसते.

अनिर्णित मुद्दे

सर्वांत तातडीचा प्रश्न पैशाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटना सोडण्याची घोषणा केली. मे महिन्यात संघटनेने २०२६-२७ साठी ४२० कोटी डॉलरचा अर्थसंकल्प मंजूर केला, तो मूळ प्रस्तावापेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी कमी होता. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २०२६ साठी नियमित खर्चात सुमारे १५ टक्के आणि पदांत सुमारे १९ टक्के कपात सुचवली. न्यूयॉर्क व जिनिव्हातली कामे नैरोबीसारख्या स्वस्त शहरांत हलवण्याची चर्चाही त्याचाच भाग आहे. आयुष्यभराची सेवा ही हॅमरशोल्ड यांची कल्पना या आकड्यांपुढे टिकेल का, यावर मतभेद आहेत. छोटी आणि चपळ सेवा बरी असे काही सुधारक म्हणतात. नोकरीची शाश्वती गेली की सरकारांच्या दडपणाला नाही म्हणण्याचे बळही जाते, असे त्यांचे विरोधक म्हणतात. १९५२-५३ चा अनुभव पाहता दुसरे म्हणणे अधिक वजनदार वाटते.

राष्ट्रीय अधिकाऱ्यांच्या वेतनातली दरी कमी करावी की ते वेतन स्थानिक बाजाराशीच जोडून ठेवावे, यावरही एकमत नाही. दरी बुजवली तर पुण्यातले डॉक्टर राज्याच्या आरोग्य सेवेतून आणखी वेगाने बाहेर पडतील, अशी भीती आहे. ती ठेवली तर एकाच कामाला दोन मोल हा अन्याय चालू राहतो. पदवाटपाच्या सूत्रात लोकसंख्येला अधिक वजन द्यावे ही मागणी जुनी आहे आणि मोठी वर्गणी देणारे देश तिला विरोध करत आले आहेत.

कंत्राटी सल्लागारांना न्यायाधिकरणापर्यंत पोहोचू द्यावे का, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत न्यायव्यवस्थेच्या चर्चेत २००९ पासून पुन्हा पुन्हा येतो. कमी खर्चाची लवाद पद्धत, मध्यस्थ लोकपालाकडे तक्रार आणि पूर्ण अपिलाचा हक्क असे तीन पर्याय सुचवले गेले आहेत. सदस्य राष्ट्रांनी आतापर्यंत सल्लागारांसाठी न्यायाधिकरणाचे दार उघडलेले नाही. जितकी कायम पदे कमी होतील तितके काम या लोकांकडे जाण्याचा संभव आहे, आणि पुण्यातून यापुढे या संघटनांत जाणाऱ्या बहुतेक तरुणांची पहिली नेमणूक याच वर्गात होईल असे दिसते.